कौसाकाकूच्या प्लॉटचा फोटो

दादा मोजणीला गेले की माय चूल विझू द्यायची नाही. दादा म्हणजे माझे वडील, आणि मोजणी म्हणजे सरकारी नव्हे, पावलांची. बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत वाजलं की दादांना बोलावणं यायचं. जागेवर गेल्यावर ते आधी वहाणा काढून बाजूला ठेवायचे, वाकून मातीला हात लावायचे आणि चालायला लागायचे. पहिल्या पावलाला 'एक' म्हणायचे नाहीत. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तसंच हे. लाभ, दोन, तीन, चार. दोन्हीकडची माणसं तोंडातून शब्द न काढता मागून चालायची. मोजणी होईपर्यंत दादा कुणाच्याच घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, चहा तर लांबच राहिला, त्यामुळे घरी यायचे ते भुकेने कावलेले. माय तव्यावरून उतरवलेली ज्वारीची भाकरी पुढ्यात टाकायची, सोबत अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी दिलेलं तेल. गिरणीचा टुकटुक आवाज आणि दादांचं कांदा फोडणं, एवढंच काय ते ऐकू यायचं. "किती भरलं?" माय विचारायची. "व्हतं तितकं," दादा म्हणायचे. दर वेळी हेच उत्तर, आणि दर वेळी मायला त्यावर हसू यायचं.

मला त्या पावलांची लाज वाटायची. खरं ते सांगतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आजोबांना अंगठा यायचा, दादांना सही यायची, आणि मी बी.एस्सी. झालो. निकालाच्या दिवशी मायनं गल्लीत साखर वाटली आणि गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला अडकवली. उदबत्तीच्या धुरानं तिचा खालचा कोपरा पिवळा पडलाय, अजून आहे. ती बघितली की आजही छाती फुगते, खोटं कशाला बोलू. पण त्या वयात छाती जरा जास्तच फुगली होती. जगात टेप आहे, नकाशा आहे, आणि आमचे दादा उघड्या पायांनी 'लाभ' म्हणत चाललेत. कॉलेजातल्या मित्रांना मी हे कधी कळू दिलं नाही.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत मला नोकरी लागली. फिल्डचं काम. आमच्या भागात कपाशीचं संकरित बी शेतकऱ्यांच्या रानात तयार होतं, त्याला प्लॉट म्हणतात. बहुतेक ओळी मादी झाडांच्या, एका कडेला काही ओळी नराच्या. दुपारी बाया मादीच्या कळ्या अंगठ्याच्या नखानं सोलून त्यातला नराचा भाग काढून टाकतात आणि वर लाल कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिथं फिरवतात आणि देठाला दोरा बांधतात. हे रोज, दोन-अडीच महिने. सकाळी प्लॉटजवळून गेलं की ओळीओळीतून बोलणं ऐकू यायचं, बाई दिसायची नाही, नुसता आवाज. दुसरी कपाशी फार जवळ असली तर माशी तिथले पराग इकडे आणते आणि बी भेसळ होतं. म्हणून दोन्हींच्या मध्ये अंतर लागतं. आमच्या कंपनीचा नियम साध्या भाषेत सांगायचा तर पन्नास पावलांचा होता. टेप लावून ते अंतर मोजायचं, फॉर्म भरायचा, फोटो काढायचा आणि आठवड्यातून दोनदा ऑफिसात जाऊन साहेबाला दाखवायचं, हे माझं काम.

कॅमेरा ऑफिसचा होता. खिशात मावणारा, डिजिटल. त्या काळी तेवढ्यानंही गावात गर्दी जमायची. पण माझं तेवढ्यानं भागलं नाही. जुन्या जालन्यात सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या मेव्हण्यानं दुबईहून एक जादाचं भिंग आणलं होतं, लांबचं जवळ दाखवणारं. आधी कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीची कडी काढायची, तिथं एक नळी फिरवून बसवायची आणि नळीवर ते भिंग. कॅमेऱ्यापेक्षा भिंगच जड, त्यामुळे पुढं झुकायचं आणि हात थरथरायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा झूम आधी पूर्ण बाहेर काढावा लागायचा, नाहीतर फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळं दिसायचं, विहिरीतून वर पाहिल्यासारखं. फ्लॅश मारला तर नळीची सावली पडायची. हे सगळं सलीमभाईंनी मला दुकानाबाहेर उभं करून शिकवलं आणि वर एक फोटो दाखवला. "मेरी साली की शादी का है. जनरेटर दुल्हन से चालीस कदम पीछे था. देख, बराबर चोटी में अटका है. साढू आज भी बात नहीं करता." मी पोट धरून हसलो. ते काय सांगत होते ते डोक्यात शिरलंच नाही.

घरी आणलं त्या संध्याकाळी अंगणात जत्रा भरली. माय म्हणाली, "हे तं शेराचं माप दिसून राह्यलं." दादांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, मी नदीपलीकडच्या एका बैलावर रोखून दिला. दादा पडद्यात बघता बघता एक पाऊल मागं सरले. "आरं, अंगावरच आलं की हे!" सगळे हसले. दादाही हसले. ते कितीतरी वेळ बैल बघत होते आणि अधूनमधून कॅमेरा खाली करून खरा बैल किती लांब आहे ते बघत होते. मला वाटलं, अडाणी माणूस, यंत्राला भुलला. आता वाटतं, त्या अंगणात ते भिंग नीट तपासून पाहणारा तेवढा एकच माणूस होता.

भिंग आल्यापासून माझं काम सोपं झालं. रस्त्यावरून, गाडीवर बसल्या बसल्या प्लॉटचे फोटो निघायला लागले. टेप डिकीतच राहायला लागला. फॉर्मवर 'टेपने मोजले' असा एक रकाना होता, तिथं मी अंदाजानं आकडा टाकायचो. अंदाज चुकत नव्हता, कारण बहुतेक प्लॉट आधीच नीट अंतर सोडून घेतलेले असायचे.

कौसाकाकूचा प्लॉट आमच्याच गावात, तीर्थपुरीच्या रस्त्याला लागून. काकूचा नवरा ट्रकवर, सणाला घरी यायचा. शेत तीच बघायची. गावातले सगळे प्लॉट पुरुषांच्या नावावर होते. तिनं ऑफिसात येऊन, साहेबासमोर खुर्ची ओढून बसून, स्वतःच्या नावानं प्लॉटचं कार्ड करून घेतलं होतं. कंपनी प्लॉटवर पत्र्याची छोटी पाटी लावते. काकूला तिच्यावरची अक्षरं बारीक वाटली. तिनं तीर्थपुरीच्या पेंटरकडून ती पुन्हा रंगवून आणली: कौसाबाई, मोठ्या लाल अक्षरांत. येणारा-जाणारा वाचायचा. ह्या हंगामात प्लॉट पास झाला की पुढच्या वर्षी दुप्पट घ्यायचा, असं ती सगळ्यांना सांगत होती.

त्या दिवशी मला सहा प्लॉट उरकायचे होते. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळ्या रानात पाय घातला तर शेरभर चिखल पायाला लागणार. आणि माझ्या पायात नवे बूट. मी रस्त्यावरच गाडी उभी केली, सीटवर कॅमेरा टेकवला, डोक्यावर रुमाल घेऊन पडद्यात बघायला लागलो. तेवढ्यात प्लॉटमधून काकूचा आवाज आला.

"साहेब, खाली उतर की! का बुटाला नजर लागंल?"

ओळीओळीतून बाया खिदळल्या. कुणीतरी आतूनच म्हणालं, "त्याला पाळण्यात घालून आणा." पुन्हा हसणं. ही सगळी माझ्या ओळखीची माणसं. लहानपणी मला ह्यांनी कडेवर घेतलंय. मला ते हसणं झोंबलं. उतरणार होतो, तोही उतरलो नाही. कौसाकाकूचा प्लॉट, त्याच्या पलीकडे दुसऱ्या शेतकऱ्याची साधी कपाशी, अशी दोन्ही एका फोटोत येतील असा धरला आणि बटण दाबलं. मध्ये मूग काढून मोकळी पडलेली पट्टी होती. जाता-येता मी ती पाहिली होती. पण फोटोत पट्टी आलीच नाही. झाडांच्या शेंड्यांवरून सरळ रेषेत काढलेला फोटो, त्यात ते मधलं अंतर खाणारं भिंग. अलीकडच्या पानांना पलीकडची पानं येऊन चिकटली. उन्हात पडद्यावर मला काही धड दिसत नव्हतं. मी गाडीला किक मारली.

ऑफिसात साहेबानं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. "हे काय? हे तर लागूनच आहे."

मी बघितलं. खरंच लागून दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती मुगाची पट्टी आली. तोंड उघडायला हवं होतं ते तेव्हा. "सर, मी मोजलं नाही, उद्या मोजून सांगतो," एवढंच वाक्य होतं. पण मग आधीच्या फॉर्मांवरच्या आकड्यांचं काय?

"टेप लावला होता ना?"

"हो सर."

"किती?"

"कमीच आहे सर," मी म्हणालो. आणि फॉर्मवर तसं लिहून सही केली. मराठीत, भगवानपासून आडनावापर्यंत पूर्ण नाव, मागं बी.एस्सी.

प्लॉट रद्द झाला की तिथं पुढं संकर होऊ नये म्हणून नराच्या ओळी त्याच दिवशी उपटायच्या, कंपनीच्या माणसासमोर, असा नियम होता. कंपनीचा माणूस म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटोचा मोठा प्रिंट घेऊन गेलो. काकूनं माझं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. "जरा थांब," म्हणाली आणि एका बाईला आमच्या घरी पिटाळलं. दादा आले. मागून पाच-सात माणसं आली.

दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वहाणा काढल्या, मातीला हात लावला. लाभ, दोन, तीन. काकूच्या शेवटच्या ओळीपासून मुगाच्या पट्टीतून ते चालत गेले, पाय घोट्यापर्यंत रुतत होते तरी पाऊल लहान झालं नाही. सगळे मागून. मी एकटाच रस्त्यावर. पलीकडच्या कपाशीला हात लावून ते वळले आणि तिथूनच म्हणाले, "बहात्तर."

"ऐकलं का?" काकू माझ्याकडे वळली. "पन्नासच लागतात म्हन्ता ना तुम्ही? आता लिही बहात्तर."

टेप माझ्या डिकीत होता. हात लांब केला असता तर निघाला असता. मी हात लांब केला तो प्रिंट काढायला.

"काकू, पावलानं काय मोजता? पावलाला कोण विचारतं? हा फोटो हाय. कॅमेरा खोटं बोलत न्हाई, माणूस चुकतो."

माणूस म्हणजे कोण, हे तिथं सगळ्यांना कळलं. प्रिंट हातोहात फिरला. ज्याच्या हातात गेला तो आधी फोटो बघायचा, मग रान बघायचा, मग पुन्हा फोटो. एक जण हळूच म्हणाला, "हितं तं चिटकूनच दिसून राह्यलं." दुसरा म्हणाला, "दादाचं बी वय झालं आता." दादा परत आले होते. त्यांनी प्रिंट मागितला, लांब धरला, जवळ धरला. मग वळले आणि पुन्हा पहिल्यापासून चालले. लाभ, दोन, तीन. ह्या वेळी मागून कुणी गेलं नाही. पुन्हा बहात्तर. त्यांनी तो आकडा मोठ्यानं सांगितला नाही. काकूनं विचारलं म्हणून तिला तेवढा सांगितला.

काकूनं पदर खोचला. "चला गं," ती बायांना म्हणाली. नराच्या ओळी उपटताना पावसाच्या ओलीनं झाडं सहज येत होती, मुळांसकट, फुलांसकट. मी तिथं उभा राहून ओळी मोजल्या, कारण तेही फॉर्मवर लिहायचं होतं. शेवटी काकूनं पाटी उपटली आणि रस्त्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या बापाचं पाऊल म्या मानते, भगवान. तुझं शिक्षण तुला लखलाभ." मला वाटलं पाटी माझ्याकडे देईल. ती घरी घेऊन गेली.

दुपारी दादा जेवायला बसले तेव्हा मायनं नेहमीसारखं विचारलं, "किती भरलं?" दादांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "बहात्तर भरलं," म्हणाले. "पर फोटोत तितकं न्हाई." माय हसायला तयार होऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेलो.

चार दिवसांनी, बाया जेवायला घरी गेल्या असतील अशा वेळी, मी एकटा तिथं गेलो. भिंग काढलं, नळी काढली, नुसत्या कॅमेऱ्यानं त्याच जागेवरून, फक्त गाडीच्या सीटवर उभं राहून एक फोटो घेतला. मुगाची पट्टी काळीभोर, भली रुंद, मधोमध दिसत होती. मग खाली उतरलो. बूट चिखलात घातले आणि टेप लावला. नियमापेक्षा कितीतरी जास्त अंतर होतं. तिथंच पट्टीत उभा राहून मी तो फोटो पुसून टाकला. टेपला लागलेला चिखल पानांनी पुसला, गुंडाळला, डिकीत ठेवला.

का बोललो नाही, ह्याची उत्तरं मी इतक्या वर्षांत पुष्कळ तयार केली. नोकरी कच्ची होती. साहेबानं आधीचे सगळे फॉर्म काढायला लावले असते. नराची झाडं तर गेलीच होती, सांगून प्लॉट थोडाच परत आला असता! ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण खरं नाही. खरं कारण एवढंच की मी चारचौघांत बापाला चुकीचा ठरवला होता, आणि ते मागं घ्यायला चारचौघांतच उभं राहावं लागलं असतं. साहेबासमोर मान खाली घालायला मी तयार झालो असतो एक वेळ. कौसाकाकूच्या बायांसमोर नाही.

काकूनं पुढं साधी कपाशी लावली. कुठल्याच कंपनीचं कार्ड पुन्हा केलं नाही. ती पाटी तिनं कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवली. आमच्या घरून विहिरीकडे जाताना ती लाल अक्षरं दिसायची. मी लांबच्या वाटेनं जायचो.

आणि दादांना बोलावणं यायचं थांबलं. एकदम नाही. त्या हिवाळ्यात दोन भावांचं बांधावरून लागलं, तेव्हा मोठा म्हणाला, "दादाला बोलवू," आणि धाकटा म्हणाला, "त्याच्या पोरानंच त्याला खोटं पाडलं, आपण काय बोलवायचं?" ते सरकारी मोजणी आणायला अंबडला गेले. मग दुसरेही गेले. आमच्या घरात दुपारची भाकरी वेळेवर व्हायला लागली. माय चूल वेळेवर विझवायची.

आता पन्नाशी आलीय. माझ्या मुलीच्या मोबाईलमध्ये त्या भिंगाच्या दुप्पट झूम आहे आणि नकाशावर बोट ठेवलं की अंतर येतं. मी पुढं त्याच कामात चढत गेलो, माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी बूट काढून रानात उतरवलं, टेप माझ्यासमोर लावायला लावला. कडक माणूस म्हणून माझं नाव आहे. लोकांना त्याचं कौतुक वाटतं तेव्हा मी विषय बदलतो. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मी सांगितलं नाही. संधी मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण संधी मिळाली होती, आणि ती त्यांनीच दिली होती.

प्लॉट गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याचे दिवस होते. मी जालन्याहून गाडीवर गावी येत होतो. तीर्थपुरीच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर पांढरे दगड रोवलेले आहेत. लांबून मला एका दगडापासून चालत येणारा माणूस दिसला, डांबर तापलेलं आणि वहाणा हातात. जवळ आलो तर दादा. ओठ हलत होते. मी गाडी बंद केली, पण त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, पुढच्या दगडापर्यंत गेले, त्याला हात लावला, आणि मग माझ्याकडे आले. धोतर पायाशी मुरमाच्या धुळीनं लाल झालेलं.

"उन्हाचं काय करून राह्यले दादा?"

"काही न्हाई. हे दगड सरकारी मोजणीचे हायेत ना? पाऊल तपासून राह्यलो. चार दिवस झाले, रोज येतो." त्यांनी मागच्या दगडाकडे पाहिलं. "हितं तं बराबर येतंय. जाताना तितकंच, येताना बी तितकंच. एक पाऊल इकडं का तिकडं न्हाई. मंग तिथं कसं चुकलं रे, भगवान? तू शिकलेला हायेस. तूच सांग."

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. कुणी बाया नव्हत्या, साहेब नव्हता, माणसं नव्हती. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

"होतं दादा," मी म्हणालो. "वय झालं तुमचं."

"असंल," दादा म्हणाले. त्यांनी वहाणा खाली टाकल्या, पायांत सारल्या आणि माझ्या खांद्याला धरून मागं गाडीवर बसले.